अकराव्या रांगेतला माणूस

बफेलो, ९ फेब्रुवारी १९८४

डेल्फिन,

अक्षर माझं आहे म्हणून पत्र फाडू नकोस. मजकूर तुझ्या आईचा आहे. सोमवारी चर्चच्या पायरीवर ती बर्फावरून घसरली आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. बाकी ठणठणीत आहे. आत्ताही समोर बसून "हे लिहिलंस का, ते लिहिलंस का" म्हणून माझ्या मागे लागली आहे.

ती सांगते ते असं: तुझं नाताळचं पत्र पोचलं, लिओनीचा फोटोही पोचला. दोन वर्षांची पोर आणि एवढे केस! तिच्या पायात मोजे का नाहीत, असं विचारते आहे. मी म्हटलं, "लॉटी, त्रिनिदादमध्ये मोजे कशाला घालतील?" तर म्हणाली, "तू फक्त लिही."

पुढे असं, की तिला पीठ मळता येत नाही म्हणून रविवारी बटाटा भरलेले पिएरोगी मी केले. उकळत्या पाण्यात सगळे फुटले आणि आम्ही ते बटाट्याचं सूप समजून प्यायलो. हे लिहायची काही गरज नव्हती, पण ती हसते आहे, म्हणून लिहितो.

आता ती शेजारच्या बाईशी बोलायला खाली गेली आहे. तेवढ्यात दोन ओळी माझ्या. तू आईला तीन वर्षं पत्रं पाठवते आहेस हे मला माहीत होतं. आई ती पिठाच्या डब्यामागे ठेवते. मी वाचलेली नाहीत. एक वाचलं. अँसेलला शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून घेतलं, ते. चांगली नोकरी आहे.

कारखाना बंद झाला ते आईने कळवलं असेलच. मला तिथे एकतीस वर्षं झाली होती.

बर्नार्ड झरेंबा

ता.क. आई वर आली. सही बघून म्हणते, "हे काय, नगरपालिकेला अर्ज लिहितो आहेस का?" पण शाईने लिहिलंय, आता राहू दे.


बफेलो, ईस्टर, २२ एप्रिल १९८४

डेल्फिन,

आईचं प्लास्टर निघालं. तिने तुला वेगळं लिहिलं आहे. हे माझं मी लिहितो आहे. वाचायचं की नाही, ते तू ठरव.

आईला पाठवलेल्या पत्रात तू विचारलं होतंस, पा अजून सामने बघायला जातात का. त्याचं उत्तर मीच दिलेलं बरं. जातो. पण जातो म्हणजे कुठे, ते सांगण्याआधी मी मुळात का जायला लागलो ते सांगतो. तू तेव्हा सोळा वर्षांची होतीस आणि तुला वाटायचं, पाला वेड लागलं.

चौऱ्याहत्तरचा मे महिना. कारखान्याच्या उपाहारगृहात जेवणाच्या सुट्टीत क्लबाचे कोट घातलेले दोघे जण आले. एक स्कॉटिश गोलकीपर, त्याचं इंग्रजी कुणाला कळेना. दुसरा त्रिनिदादचा अँसेल. मॅनेजरने सांगितलं, शहरात नवा व्यावसायिक संघ निघालाय, बफेलो बार्जमेन, सॉकर खेळतो, सगळ्यांना पहिल्या सामन्याचं तिकीट फुकट. गस फेन्झल तिकडून ओरडला, "चेंडूला हात लावायचा नाही? मग हा खेळ आहे की शिक्षा?" सगळे खो खो हसले. आमच्यासाठी फुटबॉल म्हणजे शिरस्त्राणं घालून एकमेकांवर आदळणारे आपले गडी. हा परदेशी खेळ आम्ही शाळेतही पाहिला नव्हता.

अँसेलही हसला. बाकावर माझ्याशेजारी जागा होती म्हणून तिथे बसला आणि त्याने विचारलं, "तुमचा डबा जरा घेऊ का?" माझी दोन उकडलेली अंडी, थर्मास आणि हातमोजा मांडून त्याने मला ऑफसाइड समजावलं. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या मुकादमासारखं. सगळ्यांच्या मागे जाऊन उभं राहायचं आणि आयतं मिळायची वाट बघायची." तो म्हणाला, "बरोबर. फक्त इथे शिट्टी वाजते." आणि पुढे गेलेलं अंडं उचलून त्याने खाऊन टाकलं. "हा खेळाडू बाद."

फुकट म्हणून गेलो. तुला ओढत नेलं. अकरावी रांग. पहिला अर्धा तास मी खेळ कधी थांबतोय याची वाट बघत होतो, म्हणजे उठून बिअर आणता येईल. खेळ थांबेचना. दुसऱ्या अर्ध्यात अँसेल आपल्या बाजूच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघाला. इतका जवळून, की त्याचा श्वास ऐकू आला. दोघांच्या मधून घुसला, चेंडू आत टाकला, आणि संघातल्या आपल्या पोलिश पोराने डोक्याने गोल केला. मग अँसेल कुंपणापाशी आला, चार हजार माणसांतून मला हुडकलं आणि ओरडला, "बर्नी! मी ऑफसाइड होतो का?"

मी उभा राहून ओरडलो, "नाही!" नियम मला काल-परवा कळला होता, तरी असा ओरडलो जसं काही तो नियम मीच केला होता.

डेल, त्या दुसऱ्या फुटबॉलच्या सामन्यांना मी वीस वर्षं जात होतो. थंडीत बोटं काळीनिळी करून घेतली. तिथे माझं नाव कुणाला माहीत नव्हतं आणि मला कधी त्याचं काही वाटलंही नव्हतं. हे बार्जमेन मात्र क्लिंटन स्ट्रीटवर बेकरीच्या वरच्या खोल्यांत राहायचे. शनिवारी ब्रॉडवे मार्केटमध्ये आपल्याच रांगेत उभे असायचे. आठवतं, भाजीवाल्या मिसेस पिएत्झाकने अँसेलला कोबीचा गड्डा दिला आणि म्हणाली, "खेळाडू आहेस ना, मग उडवून दाखव"? चौदा वेळा उडवला त्याने, पाय, गुडघा, डोकं. शेवटी पानं विखुरली. सगळं मार्केट टाळ्या वाजवत होतं आणि तिने त्याच्याकडून कोबीचे पैसे घेतले! पण पुढच्या सामन्याला ती आली, आणि मग एकही चुकवला नाही. ऐंशी वर्षांची बाई.

सामना संपला की शेवटच्या पोराला सही मिळेपर्यंत ते कुंपणापाशी थांबायचे. मग पोलिश हॉलमध्ये आपल्याबरोबर मासे खायचे. दुसऱ्या वर्षी मी बाहेरगावच्या सामन्यांसाठी बस ठरवायला लागलो. तिसऱ्या वर्षी तुला कार्यक्रमपत्रिका विकायचं काम मिळवून दिलं. तुझी आणि त्याची ओळखही मीच करून दिली, हे मला कुणी आठवण करून द्यायची गरज नाही.

आई जेवायला बोलावते आहे. हॅम आहे, तुला आवडायचं तसं तिखट मुळ्याबरोबर.

पा


बफेलो, ११ नोव्हेंबर १९८४

डेल्फिन,

तुझं उत्तर नाही आलं, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे ठीक.

सामने कुठले, ते मागच्या वेळी राहिलं. क्लब बुडून चार वर्षं झाली. अकराव्या रांगेतले आम्ही सहा जण अजून दर शनिवारी जमतो. कॉलेजच्या मैदानावर, नाहीतर चर्चच्या संघांचे सामने असतात तिथे. गस म्हणतो, "संघ नसलेले आपण जगातले एकमेव समर्थक." घरून घडीच्या खुर्च्या नेतो, सूप नेतो. कुणीही खेळत असलं तरी चालतं.

आणखी एक. मी रेषेवरचा पंच झालोय. चर्चच्या शाळेत तेरा-चौदा वर्षांच्या मुलींचा संघ निघाला. हो, मुलींचा. त्यांना झेंडा धरायला माणूस हवा होता आणि मला आता दिवसभर काम नसतं. आई म्हणते, "आयुष्यभर भट्टीपाशी उभा राहिलास, आता चिखलात उभा राहा." परवा एका मुलीची आई विचारत होती, "तुम्हाला हे नियम इतके नेमके कसे हो माहीत?" मी म्हटलं, "एका ओळखीच्याने शिकवले."

ओळखीच्याने. घरी आलो आणि जेवण गेलं नाही.

माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळचं तुला आठवत असेल. अँसेल तीन दिवस रोज संध्याकाळी सराव संपवून यायचा. वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, आणि त्यात नसलेल्या बातम्याही घुसडायचा. "बफेलोच्या बर्नी झरेंबाने परिचारिकेला ऑफसाइड समजावले, परिचारिकेचा राजीनामा." टाके दुखेपर्यंत हसवलं त्याने. माझा सख्खा भाऊ एकदा येऊन गेला.

अँसेल जेवायला आला त्या रविवारी उकाडा फार होता, डेल. आणि मी दुहेरी पाळी करून आलो होतो. ते लक्षात घे, एवढंच म्हणतो.

पा


बफेलो, ३१ मार्च १९८५

डेल्फिन,

मोठी लीगही बंद झाली. न्यूयॉर्कवाली, जगभरचे नामांकित खेळाडू आणणारी. वर्तमानपत्रात चार ओळी होत्या, बोलिंग क्लबाच्या निकालांखाली. गस सकाळीच पेपर घेऊन आला. बूट न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला.

"संपलं, बर्नी. सगळं संपलं."

"आपलं तर चार वर्षांपूर्वीच संपलंय."

"तसं नाही रे. वरती काहीतरी आहे म्हणून खाली आपण बसलो होतो. आता आपण कशासाठी बसायचं?"

तुझी आई भांडी घासत होती. ती वळूनही न बघता म्हणाली, "गस, शनिवारी मुलींचा सामना अकरा वाजता आहे. सूप कसलं आणतो आहेस?"

गस बूट काढायला वाकला. मग म्हणाला, "वाटाण्याचं."

शनिवारी आलो सगळे. सहाचे नऊ झालेत. मिसेस पिएत्झाक गेल्या वर्षी वारली, पण तिचा नातू येतो. पेपरवाले म्हणतात, अमेरिकेत हा खेळ रुजलाच नाही. त्यांना सांगावंसं वाटतं, जरा येऊन आमच्या खुर्च्या मोजा. प्रेक्षक कुठे गेले ते मला माहीत आहे. ते कुठेही गेले नाहीत. ते मुलांना मैदानावर सोडायला येतात आणि घरी जायचं विसरतात.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. प्रश्न वाचला.

आज एवढंच लिहितो.

पा


बफेलो, १९ मे १९८५

डेल,

सात आठवडे तुझं पत्र खिशात घेऊन हिंडतो आहे. तू लिहिलंस: "पा, तुम्ही जेवणावरून उठून गॅरेजकडे गेलात आणि अँसेल तुमच्यामागे आला, एवढंच मला माहीत आहे. तिथे काय झालं ते तो सांगत नाही. म्हणतो, तुझे वडील थकले होते. पाच वर्षं तेच उत्तर. आता तुम्ही सांगा."

तो काही बोलला नसेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी धरून चाललो होतो, की तुला सगळं माहीत आहे आणि म्हणून तू गेलीस. म्हणजे थकवा हे उत्तर मलाही चाललं असतं. ते मी तुला नोव्हेंबरात पाठवूनही दिलं होतं.

आधी तुझ्या आईला सांगितलं. तिलाही माहीत नव्हतं. ती ताट पुसत होती, पुसायची थांबली.

"मग लिही तिला," म्हणाली.

"लिहिलं तर ती कधीच येणार नाही, लॉटी."

"आणि नाही लिहिलंस तर ज्याच्याकडे येईल तो माणूस खरा नसेल."

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

तर ऐक. उकाडा नव्हता. सप्टेंबरची चांगली हवा होती. दुहेरी पाळीही नव्हती, मी आदल्या दिवशी सुट्टीवर होतो. अँसेलने आईसाठी फुलं आणली होती. तू म्हणालीस, "पा, आम्ही लग्न करतोय," आणि मी उठलो. तो माझ्यामागे आला, कारण त्याला वाटलं मला बरं वाटत नाहीये. गॅरेजपाशी येऊन त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बर्नी, पाणी आणू का?" म्हणाला.

मी हात झटकला. शेजारची बाई कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. मी आधी तिच्याकडे बघितलं. आधी तिच्याकडे, डेल. मग आवाज खाली करून म्हणालो, "मैदानावर तू आमचा आहेस, अँसेल. तिथे मी तुझ्यासाठी घसा फोडीन. पण काळा माणूस माझ्या घरात जावई म्हणून नको. ही गल्ली कसली आहे, ते तुला कळायला हवं होतं. मी तुझ्यासाठी ओरडत होतो ते तू माझ्या मुलीकडे बघावंस म्हणून नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. सहा वर्षं तो मला बर्नी म्हणत आला होता. म्हणाला, "ठीक आहे, मिस्टर झरेंबा." माझा धक्का लागून पानं गोळा करायचं दाताळं खाली पडलं होतं. ते त्याने उचललं, भिंतीला टेकवून ठेवलं, आणि आत गेला. मला वाटतं तुझ्या आईच्या जेवणाची त्याने तारीफही केली.

एवढंच झालं. बाकी सगळं तुला माहीत आहे. तुमच्या लग्नाला मी आलो नाही. त्या दिवशी कॉलेजचा सामना होता, तिथे बसलो होतो. कोण जिंकलं, आठवत नाही.

मी काय मागू? काही मागत नाही.

बर्नार्ड झरेंबा, तुझा पा


बफेलो, ७ सप्टेंबर १९८६

डेल,

सोळा महिन्यांनी पाकीट आलं. आत एक ओळही नाही, नुसता फोटो. लिओनी, मोजे नाहीत, डाव्या पायाने चेंडू मारते आहे. चेंडूवर पाय ठेवलाय तो अगदी बरोबर, घोटा घट्ट. हे तिला कुणी शिकवलं ते विचारायची गरज नाही.

फोटो मी घरी ठेवला नाही. पैशांच्या पाकिटात ठेवतो. गसने तीनदा पाहिला. पहिल्यांदा म्हणाला, "नाक तुझं आहे, बिचारीचं." दुसऱ्यांदा खिडकीपाशी नेऊन पाहिला. तिसऱ्यांदा म्हणाला, "तू गाढव आहेस, बर्नी." त्यालाही मी सगळं सांगितलं आहे.

आई जानेवारीत तुझ्याकडे येते आहे, तीन आठवडे. तू तिला बोलावलंस, मला नाही, ते बरोबर केलंस. विमानतळावर मी तिला सोडीन. सॉसेजं नेऊ देत नाहीत म्हणे, पण ती ऐकणार नाही.

पा


बफेलो, २२ ऑक्टोबर १९८९

डेल,

अँसेलचं पत्र आलं. तुला माहीत असेल, नसेल, म्हणून लिहितो. पूर्ण पत्र असं: "प्रिय मिस्टर झरेंबा, १९ नोव्हेंबरला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये तुमचा देश आमच्याशी खेळणार आहे. जो जिंकेल तो इटलीला विश्वचषकाला जाईल. आम्हाला बरोबरीही पुरते. माझ्याकडे दोन तिकिटं आहेत. डेल्फिन म्हणते, तिला गर्दी नको. तुम्ही यावं. अँसेल जोकिम."

चार वेळा वाचलं. आईला म्हटलं, "आपण दोघं जाऊ." ती म्हणाली, "दुसरं त्याचं, म्हणजे आपल्याला तिकीट एकच आहे, आणि माझा गुडघा तसाही दुखतोय. या वेळी तू एकट्यानेच जायचं."

एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पासपोर्ट काढला. फोटोत कैदी दिसतो.

गस विचारत होता, "तिथे तू कुणाच्या बाजूने?" आपला देश चाळीस वर्षांत विश्वचषकाला गेलेला नाही. खेळ कळायला लागल्यापासून मी या एका गोष्टीची वाट बघतोय. आणि समोर अँसेलचा देश, जो कधीच गेलेला नाही. मी म्हटलं, "गस, मला जेवायला नीट बोलावलं तरी पुरे."

गुरुवारी सोळा तारखेला दुपारी उतरतो.

पा


बफेलो, ३ डिसेंबर १९८९

डेल,

सुखरूप पोचलो. इथे गुडघाभर बर्फ आहे. आई लिओनीने काढलेलं चित्र सगळ्या गल्लीला दाखवते आहे. शेजारच्या बाईलाही दाखवलं. मी स्वतः नेऊन दाखवलं.

तुमच्या घरी मी फार बोललो नाही. पहिल्या दिवशी अँसेलने दार उघडून "प्रवास कसा झाला, मिस्टर झरेंबा?" विचारलं. मी "चांगला" म्हटलं. त्यापुढचे दोन दिवस आम्ही तिघं एकमेकांना मीठ आणि पाणी देत होतो. लिओनी नसती तर कठीण होतं. अंगणात तिने मला सात गोल मारले, आणि वर म्हणाली, "ग्रँडपा, तुम्ही पडायला फार वेळ लावता."

पण हे पत्र सामन्याबद्दल आहे. तू तिथे नव्हतीस, आणि तुझा नवरा अशा गोष्टी सांगत नाही, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. म्हणून मी सांगतो.

सकाळी आठलाच आम्ही आत जाऊन बसलो. सगळं स्टेडियम लाल. झाडांवर लाल, छतांवर लाल. मी पांढरा शर्ट घातला होता, कुणाचाच नसलेला. बाजूला लाल टोपी घातलेली एक म्हातारी होती. तिने न विचारता मला हरभऱ्याची भाजी घातलेली मऊ तळलेली पोळी दिली, तुम्ही डबल्स म्हणता ती. मग म्हणाली, "कुठून आलात?"

"बफेलो. अमेरिका."

"अरे देवा. म्हणजे त्यांच्या बाजूचे?"

मी काही बोलायच्या आत अँसेल म्हणाला, "ते अजून ठरवताहेत, आजी. वेळ लागतो त्यांना."

तिन्ही दिवसांत मी पहिल्यांदाच हसलो. तोही.

सामना सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने तो गोल झाला. तू टीव्हीवर पाहिलास. आमच्या पोराने लांबून, अडखळत मारल्यासारखा डाव्या पायाने मारला. चेंडू उंच गेला आणि मनात आल्यासारखा एकदम खाली उतरला. तीस हजार माणसं होती आणि मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो.

अँसेल माझ्याकडे न बघता म्हणाला, "ओरडा की."

"नाही."

"पंधरा वर्षं थांबलात यासाठी. ओरडा. माझ्या गोलला तर खांब हलवायचात."

"तेव्हा तू आमचा होतास," मी म्हणालो.

तोंडातून निघालं आणि दोघांनाही ते ऐकू आलं. पुढचं वाक्य त्याला माहीत होतं, मलाही. तो मैदानाकडेच बघत राहिला. मी म्हणालो, "अँसेल, गॅरेजपाशी काय झालं ते मी डेलला लिहिलं होतं. तुला कधी काही म्हणालो नाही. त्या दिवशी मी तुला जे बोललो ते घाणेरडं होतं. तू मला पाणी विचारायला आला होतास. नऊ वर्षं झाली, मला माफ कर म्हणायला मी फार उशीर केला. तरी म्हणतो. माफ कर."

समोर खेळ चालू होता.  मला वाटलं, तो उत्तर देणार नाही, आणि तो त्याचा हक्क होता. मग म्हणाला, "मी तिला सांगितलं नाही ते तुमच्यासाठी नव्हतं. तिला वडील राहावेत म्हणून." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "मला राग आहे. अजून आहे. कमी झालाय." आणि मग, "बघा, बघा, डाव्या बाजूला मैदान मोकळं पडलंय आणि एक जण तिकडे चेंडू देईल तर शपथ! मला या गुडघ्यांनिशी उतरवा म्हणावं."

तिथून आम्ही फक्त सामना बघितला. दुसऱ्या अर्ध्यात मी कुणाच्या बाजूने होतो ते मला खरंच सांगता येणार नाही. तुमचा खेळाडू आत घुसला की उठायचो, आमच्याने चेंडू काढून घेतला की उठायचो. म्हातारी म्हणाली, "तुम्ही एकदा बसून घ्या बघू."

शेवटची शिट्टी वाजली तेव्हा आमचे खेळाडू गवतावर लोळत होते, आणि सगळं लाल स्टेडियम गप्प उभं होतं. दुसऱ्या दिवशीची सुट्टी आधीच जाहीर झाली होती, माणसांनी घरांवर झेंडे लावले होते. मग कुठेतरी टाळ्या सुरू झाल्या. पुढे त्या सगळीकडे गेल्या. ते आमच्यासाठी टाळ्या वाजवत होते, डेल. म्हातारी एका हाताने डोळे पुसत होती, दुसऱ्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारत होती. "जा इटलीला," म्हणाली, "आणि नीट खेळा." जसं काही मीच खेळणार होतो.

तेव्हा मी रडलो. अँसेलने बघितलं नाही असं दाखवलं.

बाहेर पडायला तास लागला. फाटकापाशी त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक भेटले, डोक्यापासून पायापर्यंत लाल, चेहरा मयताला आल्यासारखा. त्यांनी अँसेलचा हात धरला. मग त्यांचं लक्ष माझ्या पांढऱ्या शर्टाकडे गेलं.

"हे कोण?"

अँसेल म्हणाला, "हे माझे सासरे. अमेरिकेहून आलेत."

मुख्याध्यापकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आजच?" म्हणाले.

"आजच," अँसेल म्हणाला, आणि गर्दीत मी चुकू नये म्हणून त्याने माझं कोपर धरलं.

तुझा
पा